बंद पडलेलं यंत्र घेऊन या

पंचतारांकित हॉटेलातली परिषद आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीतली पंधरा जणांची बैठक, यांतलं एकच निवडायचं झालं तर इंटरनेटला जोडलेली उपकरणं बनवणाऱ्यानं डोळे मिटून बैठक निवडावी. परिषदेत चालू यंत्र दाखवतात. बैठकीत बंद पडलेलं दाखवता येतं. आणि या क्षेत्रात शिकण्यासारखं जे आहे, ते बहुतेक सगळं बंद पडलेल्या यंत्राच्या पोटात असतं.

विहिरीवरची मोटार मोबाइलवरून सुरू करणारा स्टार्टर, द्राक्षबागेतलं हवामान केंद्र, सोसायटीच्या टाकीची पातळी सांगणारा सेन्सर, ओतशाळेतल्या भट्टीचं तापमान मालकाच्या फोनवर धाडणारी डबी. मोठ्या कंपन्या ही उपकरणं बनवतातच. पण डिप्लोमा झालेली पोरं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे, कॉलेजात शिकवणारे असेही कितीतरी जण ती बनवताहेत. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पैसा त्यांना कमी पडतो हे खरंच. पण त्याहून जास्त नडतो तो एकटेपणा. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून बोर्ड उघडून बसलेल्या माणसाला विचारायला कुणी नसतं.

मोबाइलचं ॲप पुण्यात चाललं की बहुधा परभणीतही चालतं. या डब्यांचं तसं नाही. टेबलावर सहा महिने बिनतक्रार चाललेली डबी खांबावर चढवली की आठवड्यात मान टाकते. खांबावर ऊन असतं. विजेचा दाब वरखाली होतो. रेंज येते आणि जाते. पावसाळ्यात दमट हवा जोडांमध्ये शिरते, वायरच्या भोकातून मुंग्या आत जातात आणि बोर्डावर घर करतात. बिघाडाचं कारण तिथलं असतं, आणि ते ओळखणारा माणूसही तिथलाच असतो.

एक उदाहरण घेऊ. सिम ८०० नावाचं एक स्वस्त मॉड्यूल आहे. उपकरणातून एसएमएस किंवा थोडासा डेटा पाठवायचा म्हणून नवे लोक ते हमखास घेतात. ते टूजीवर चालतं. जिओचं नेटवर्क पहिल्या दिवसापासून फोरजीचं, त्यात टूजी नाहीच. म्हणजे ज्या शिवारात फक्त जिओची रेंज पोचते तिथं हे मॉड्यूल मुकं. दुसरी गोष्ट, संदेश धाडण्याच्या क्षणी ते दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. वीज पुरवणारा भाग तेवढा भक्कम नसेल, वायर बारीक असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज पडतं आणि मॉड्यूल रीसेट होतं. बनवणारा मग रात्र-रात्र कोडमध्ये चूक शोधतो. चूक कोडमध्ये नसतेच. ज्यानं हे आधी भोगलंय तो दोन मिनिटांत सांगतो: आधी मॉड्यूलला चिकटून मोठा कपॅसिटर लाव, मग बोल. डेटाशीटमध्येही हे लिहिलेलं आहे. पण त्या पानाशी थांबायला आधी शंका यावी लागते, आणि शंका समोरचा माणूस देतो.

लोराचं तसंच. अगदी कमी विजेत काही किलोमीटरपर्यंत छोटा संदेश पोचवणारं हे रेडिओ तंत्र शेतीसाठी उत्तम. पण अमेरिकेसाठी बनलेलं मॉड्यूल ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, युरोपातलं ८६८च्या आसपास, आणि भारतात अशा उपकरणांना विनापरवाना मोकळा असलेला पट्टा ८६५पासून सुरू होतो. स्वस्त दिसलं म्हणून ९१५चं मॉड्यूल मागवलं, तर आपल्याकडे ते मोबाइलच्या पट्ट्यात लुडबूड करतं आणि वर कायदाही मोडतो. शंभर नग हातात पडल्यावर हे कळणं आणि ऑर्डर देण्याच्या आदल्या संध्याकाळी कळणं, यांत एखाद्या छोट्या धंद्याचं जगणं-मरणं असतं. ती आदली संध्याकाळ बैठकीतच मिळते.

*

अशी बैठक पन्नास वर्षांपूर्वी घडून गेलीय. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये काही हौशी माणसं जमली. अल्टेअर ८८०० हा घरी जुळवायचा संगणक तेव्हा नुकताच आला होता आणि त्याचं करायचं काय, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. होमब्रू कॉम्प्युटर क्लबची ती पहिली बैठक. स्टीव्ह वॉझ्नियॅक तिला हजर होता. पुढं हा क्लब स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागला आणि सूत्रं ली फेल्सेन्स्टाइन सांभाळू लागले.

त्यांची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी सगळ्यांसमोर एकेकानं उठायचं आणि थोडक्यात सांगायचं: मी अमुक बनवतोय, माझं तमुक अडलंय, माझ्याकडे हा सुटा भाग जास्तीचा आहे, मी अशी एक बातमी ऐकलीय. एवढं झालं की सभा मोडायची. मग ज्याचं अडलंय त्यानं, ज्याला येतं त्याला गर्दीतून हुडकायचं आणि कोपऱ्यात उभं राहून बोलायचं. खरं काम या दुसऱ्या भागात होई. पण कुणाला हुडकायचं ते पहिल्या भागामुळे कळे. वॉझ्नियॅकनं ॲपल-१चा आराखडा याच क्लबात लोकांना फुकट वाटला. तिथं येणाऱ्यांनी पुढं कितीतरी कंपन्या काढल्या. ॲपल त्यांतली एक.

आपल्या कार्यक्रमांची रीत याच्या पार उलटी आहे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मग तीन बीजभाषणं, मग एका मंचावर पाच जणांची चर्चा, आणि प्रश्नांसाठी शेवटची दहा मिनिटं, तीही जेवणाची वेळ झाली म्हणून कापलेली. हॉलमध्ये दोनशे माणसं बसलेली असतात. त्यांतल्या तिसऱ्या रांगेतल्या मुलाला जी अडचण आहे तिचं उत्तर अकराव्या रांगेतल्या बाईंकडे असतं, आणि दोघं एकमेकांना न भेटता घरी जातात. ही नासाडी आहे. अशा कार्यक्रमाचा निम्मा वेळ जरी लोकांना उठून आपापलं दुखणं सांगायला दिला, तरी उरलेल्या निम्म्याचं सोनं होईल.

*

आता खास जोडलेल्या उपकरणांची गोष्ट, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची.

जर्मनीतलं स्टुटगार्ट हे मोटारींचं शहर. मर्सिडीज तिथली, पोर्श तिथली. शहर टेकड्यांनी वेढलेल्या खोलगटात वसलंय, त्यामुळे धूर साचून राहतो. तिथला नेकारटोअर हा रस्ता खराब हवेसाठी जर्मनीभर बदनाम होता. सरकारी मोजणी केंद्रं मोजकी, आणि आपल्या गल्लीत आपण श्वासातून काय आत घेतोय हे कुणाला कळायचा मार्ग नव्हता. २०१५मध्ये तिथल्या ओके लॅब नावाच्या स्वयंसेवकांच्या गटानं ठरवलं की आपणच मोजू.

त्यांनी काय वापरलं ते बघा. वाय-फाय असलेला ईएसपी ८२६६चा स्वस्त बोर्ड. लेझरच्या उजेडात धूलिकण मोजणारा एसडीएस ०११ सेन्सर. तापमान आणि आर्द्रतेसाठी आणखी एक छोटा सेन्सर. आणि डबी म्हणून प्लंबरच्या दुकानात मिळणारे ७५ मिलिमीटरचे दोन पीव्हीसी एल्बो. दोन्ही एकमेकांत बसवले की तोंड खाली राहतं, हवा आत येते, पाऊस येत नाही. सगळा खर्च तीसेक युरो. ही मंडळी लोकांना बोलावत, टेबलाभोवती बसवत आणि प्रत्येकाकडून स्वतःच्या हातानं सेन्सर जुळवून घेत. आजोबा, शाळकरी मुलं, ज्यांनी आयुष्यात कधी बोर्डाला हात लावला नव्हता अशी माणसं आपला सेन्सर घेऊन घरी जात आणि गॅलरीत टांगत. आकडे सगळ्यांना दिसतील अशा नकाशावर येत.

एका शहरासाठी सुरू झालेला हा उद्योग आज सेन्सर डॉट कम्युनिटी या नावानं कितीतरी देशांत पसरलाय, हजारो सेन्सर चालू आहेत. सेन्सर काय, दुकानातही मिळतो. तो ज्यानं स्वतः जुळवलाय तो त्याची निगा राखतो, आकडा विचित्र आला तर शंका घेतो, आणि ती शंका घेऊन पुढच्या बैठकीला येतो. मोठ्या योजनांत नेमकी हीच कडी तुटलेली असते. उपकरण बसतं, उद्घाटन होतं, आणि सहा महिन्यांनी ते आकडे पाठवतंय की नाही हे बघणारा कुणी उरत नाही.

या सेन्सरची एक खोड आहे आणि ती आपल्या कामाची आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७० टक्क्यांवर गेली की त्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. पाण्यानं फुगलेले कण आणि धुक्याचे थेंब त्याला धूळच वाटतात आणि आकडा भलताच चढतो. स्टुटगार्टमध्ये ही अडचण धुक्याच्या दिवसांत येते. रत्नागिरीत ती जूनमध्ये येईल आणि मुक्कामाला राहील. म्हणजे तिथलं उपकरण उचलून इथं टांगलं आणि झालं, असं होणार नाही. आत येणारी हवा आधी थोडी तापवून कोरडी करायची का? आर्द्रतेच्या नोंदीवरून आकडा दुरुस्त करायचा का? की पावसाळ्याचे आकडे बाजूलाच ठेवायचे, कारण तेव्हा पाऊसच हवा धुऊन काढतो? हा रत्नागिरीचा प्रश्न आहे. तो रत्नागिरीत बसूनच सुटेल, आणि सुटला की अलिबागला, पणजीला, मालवणला उपयोगी पडेल.

*

दुसरी गोष्ट जपानची. ११ मार्च २०११ला भूकंप झाला, त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. किरणोत्सर्ग किती पसरलाय याची भरवशाची, गल्लीपर्यंतची माहिती लोकांना मिळेना. मोजायला गायगर काउंटर हवेत तर बाजारातले संपलेले. तेव्हा काही मंडळी टोकियो हॅकरस्पेसच्या कार्यशाळेतल्या लोकांबरोबर बसली. यंत्रं मूठभर, मोजायचा प्रदेश अफाट. एकाच जागी ठेवून भागणार नव्हतं. म्हणून त्यांनी गायगर काउंटरला जीपीएस जोडलं, सगळं एका भक्कम पेटीत घातलं आणि पेटी मोटारीला बाहेरून बांधली. गाडी फिरेल तिथं दर काही सेकंदांनी जागेसकट नोंद. पुढं त्याचा छोटा संच निघाला, तो कार्यशाळांत लोक स्वतः सोल्डर करून बनवत. सेफकास्ट हे त्या कामाचं नाव. सगळ्या नोंदी कुणालाही वापरायला खुल्या.

हे इतक्या लवकर का जमलं? कारण ती कार्यशाळा आपत्तीच्या आधीपासून तिथं होती. सोल्डरिंगची गन कुठं ठेवलीय, कुणाला रेडिओ येतो, कुणाला नकाशे येतात, कुणाकडे गाडी आहे, हे एकमेकांना माहीत होतं. ही ओळख संकट आल्यावर अर्ज मागवून तयार होत नाही.

आपल्याकडे २०२०मध्ये कोविडच्या टाळेबंदीत हेच दिसलं. मुंबईत २०१३ साली सुरू झालेल्या मेकर्स असायलम या कार्यशाळेनं चेहऱ्यावरच्या संरक्षक ढालीचा सोपा आराखडा केला आणि तो देशभरातल्या ओळखीच्या कार्यशाळांना दिला. ४९ दिवसांत दहा लाख ढाली तयार झाल्या. ते काही इंटरनेटला जोडलेलं उपकरण नव्हतं, पण त्यामागचं जाळं माणसांचं होतं आणि ते आधी विणलेलं होतं.

ॲमस्टरडॅमचं तर ओझरतं सांगितलं तरी पुरे. २०१५मध्ये द थिंग्ज नेटवर्क नावाच्या उपक्रमात तिथल्या लोकांनी आणि संस्थांनी आपापल्या गच्च्यांवर लोराचे संदेश पकडून इंटरनेटवर पोचवणारे दहा गेटवे बसवले आणि सहा आठवड्यांत सगळं शहर जोडलं. कुठल्याही मोबाइल कंपनीची वाट न बघता. दहा गच्च्या. आपल्या तालुक्याच्या गावात दहा गच्च्या, एक पाण्याची टाकी आणि एक टेकडीवरचं देऊळ मिळणं अवघड नाही. त्या गच्च्यांच्या मालकांना एका खोलीत आणणारं कुणी हवं.

*

महाराष्ट्राला हे नवं शिकवायची गरज आहे असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेल्या पोरांना हातानं काम करता-करता विज्ञान शिकवायचं, ही त्यांची धारणा. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, इथं आली. बोस्टन किंवा बर्लिनच्या आधी शिरूर तालुक्यातल्या एका दुष्काळी गावात. तिथं आजूबाजूच्या गावांतून अडचणी चालत येत, आणि यंत्र त्या अडचणीसमोर बसून बनत असे. आज इंजिनिअरिंग कॉलेजांतले प्रकल्प बघतो तेव्हा हा क्रम उलटलेला दिसतो. आधी सेन्सर विकत आणतात, मग त्याला साजेशी अडचण शोधतात.

मोबाइलवरून पाण्याची मोटार सुरू करण्याचं काम पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी नॅनो गणेश या उपकरणानं करून दाखवलं. आजोबांचे शेतावरचे रात्रीचे हेलपाटे त्यांनी लहानपणी पाहिले होते. शेतीपंपाची वीज आपल्याकडे पाळीनं येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. साप-विंचवांतून, चिखलातून मोटार चालू करायला जाणाऱ्याचं दुःख ज्यानं बघितलंय त्याला हे उपकरण कशासाठी हवं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आज असे मोबाइल स्टार्टर बनवणारे आणि बसवणारे ठिकठिकाणी आहेत, आणि प्रत्येकाची रडकथा थोड्याफार फरकानं तीच. एक फेज गेली आणि मोटार जळाली. वीज कडाडली आणि बोर्ड गेला. सिमचं रिचार्ज संपलं, शेतकऱ्याच्या ते ध्यानात नाही, आणि तो म्हणतो यंत्रच खराब. हे तीन बिघाड मोहोळमध्ये एक जण सोसतो, सिन्नरमध्ये दुसरा, जतमध्ये तिसरा, आणि तिघंही स्वतंत्रपणे तीच फी भरतात. एका बसल्या जागी तिघांची फी एकच झाली असती.

द्राक्षवाल्यांनी ही फी वाचवायला केव्हाच सुरुवात केली. नाशिक, सांगली, सोलापूरकडचे बागायतदार एकमेकांच्या बागेत शिवारफेरी काढतात. फेरी म्हणजे चहापाण्याची सहल नसते. छाटणी कधी घेतली, कुठलं औषध मारलं, डाऊनी रोग कुठं शिरला, घड का गळले, हे मालक आपल्या वेलीसमोर उभा राहून सांगतो, आणि बघणारे पान उलटून बघतात. बागेत लपवता येत नाही. त्यांच्या संघाची चर्चासत्रंही होतात, पण शेतकऱ्याला पटतं ते शेजाऱ्याच्या वेलीवर दिसलेलं. द्राक्षाला जगभरच्या बाजारात नेणाऱ्या या लोकांनी ज्ञान वाटून आपलं नुकसान झालं, अशी तक्रार केलेली माझ्या ऐकण्यात नाही. आता त्याच बागांमध्ये पानांवरचा ओलावा मोजणारी, रोगाचा इशारा देणारी हवामान केंद्रं उभी राहताहेत. ती बनवणाऱ्यांनी बागायतदारांकडून पहिली उचलायची गोष्ट शिवारफेरी आहे. दर महिन्याला एकाच्या खांबाशी जमा, डबी उघडा, आत काय गंजलंय ते सगळ्यांना बघू द्या.

*

आता चार गोष्टी रोखठोक.

कल्पना चोरीला जाईल म्हणून जे येत नाहीत, त्यांना माझं सांगणं: टाकीची पातळी मोजायची कल्पना तुमची एकट्याची नाही. तुमचं जे आहे ते म्हणजे पावसाळ्यात टिकणारी जोडणी, वेळेवर उचललेला फोन आणि गिऱ्हाइकाचा भरवसा. यांतलं काहीही बैठकीत चोरीला जात नाही. गिऱ्हाइकांची यादी घरी ठेवा, बिघाडांची यादी घेऊन या.

विकायला येणाऱ्यांना दारातच थांबवा. सुटे भाग किंवा क्लाउडची सेवा विकणारी कंपनी खोलीचं भाडं देते, बदल्यात अर्धा तास मागते, आणि तिसऱ्या महिन्यात बैठकीचं प्रदर्शन झालेलं असतं. खोलीचं भाडं प्रत्येकी पन्नास रुपये काढून भरा. स्वतःच्या पैशानं भरलेल्या खोलीत माणूस खरं बोलतो.

बैठक मराठीत घ्या. मोटार दुरुस्त करणारा, केबल टाकणारा, ओतशाळेतला सुपरवायझर, यांना जे माहीत आहे ते इंजिनिअरला माहीत नसतं. इंग्रजीत चर्चा सुरू झाली की ही माणसं मागच्या बाकावर गप्प बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग विकणाऱ्या जुन्या दुकानदारांनाही आग्रहानं बोलवा. कुठला रिले परत येतो आणि कुठला येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणी जाणत नाही.

आणि वेळ अशी ठेवा की मुलींना, बायकांना येता येईल आणि उजेडी घरी पोचता येईल. रात्री नऊला सुरू होणारी बैठक निम्म्या हुशार माणसांना आधीच वगळते.

*

एक काम मात्र अशा बैठकीशिवाय होताना मला दिसत नाही: आपल्याच यंत्राकडे परक्याच्या नजरेनं बघणं. २०१६मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यासाठी फार हुशारी लागली नाही. कारखान्यातून येतात तसेच राहिलेले साठेक नाव-पासवर्ड तो एकेक करून लावून बघायचा. त्या ऑक्टोबरात या ताब्यातल्या उपकरणांनी एकदम हल्ला चढवला आणि अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट काही तास उघडेनाशा झाल्या. ते कॅमेरे बनवणाऱ्यांच्या टेबलाशी एखादा खोडकर कॉलेजकुमार बसला असता आणि त्यानं सगळ्यांसमोर विचारलं असतं, ‘काका, पासवर्ड काय ठेवलाय?’, तर? मी म्हणतो प्रत्येक बैठकीत असा एक कॉलेजकुमार असावा आणि त्याला यंत्र फोडून दाखवायची मुभा असावी.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचं, घरातली उपकरणं जोडणारं यंत्र एका दिवसात निकामी झालं. कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली होती, तिनं सर्व्हर बंद केला. लोकांनी तीनशे डॉलर मोजलेली पेटी नुसती पेटी उरली. तुमचं दुकान बंद झालं तर शेतकऱ्याच्या मोटारीचं काय होणार? सर्व्हर नसताना ती साध्या बटणानं चालेल का? हा प्रश्न गुंतवणूकदार विचारत नाही. ज्याच्या भावाच्या मळ्यात तुमचा स्टार्टर बसलाय तो विचारतो, आणि तो तुमच्याच तालुक्यात राहतो.

बैठकीनं सगळं होईल असं नाही. सरकारी प्रमाणपत्रं, भांडवल, हजारांनी उत्पादन, यांना आपापली दारं आहेत. पण त्या दारांशी जाण्याआधी यंत्र दहा शेजाऱ्यांच्या हातातून गेलेलं असावं, एवढंच.

इचलकरंजीत बैठक भरली तर तिथं यंत्रमाग किती वेळा थांबला हे मोजणाऱ्या सेन्सरची गोष्ट निघेल, आणि कापसाची तूस त्यात अडकते ही पहिली तक्रार असेल. कोल्हापूरला ओतशाळेच्या उष्णतेची आणि धुळीची निघेल. नाशिकला पानावरच्या ओलाव्याची. प्रत्येक गावाची बैठक वेगळी असणार आणि तशीच ती असायला हवी. फक्त बिघाडांची एक वही ठेवा: काय बंद पडलं, का पडलं, काय केलं. एका गावची वही दुसऱ्या गावाला धाडा.

जागा नाही, ही सबब मला मान्य नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात गावोगावी हजारो सार्वजनिक वाचनालयं उभी राहिली, त्यांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. आणि २०१६पासून देशात दहा हजार शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. सोल्डरिंगची गन, मल्टिमीटर, थ्री-डी प्रिंटर, सेन्सर, सगळं सार्वजनिक पैशातून आलेलं, आणि रविवारी कुलपात. तुमच्या जिल्ह्यात अशी शाळा कुठली ते शोधा. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटा, महिन्यातल्या एका रविवारपुरती किल्ली मागा, शाळेच्या मुलांनाही बैठकीत बसवू म्हणून सांगा. ते नाही म्हणाले, तर मंगळवारी दुसऱ्या शाळेत जा.